कपाटातली घरं सरकतात

माझी मालकीण वारली, तेराव्याला आलेले पाव्हणेरावळे आपापल्या गावाला परतले, आणि मी तिच्या काचेच्या कपाटाला भ्यायला लागलो.

कपाटात तिची बारकी घरं. मुठीत मावतील एवढी. जाईल तिथून एक आणायची. विजापूरचा गोलघुमट, कोकणातलं कौलारू घर, राजस्थानची हवेली, आणि तिथं घर मिळालं नाही म्हणून म्हैसूरचा दोन तोंडांचा लाकडी पक्षी. मी म्हणायचो, "ऱ्हायला दोन खोल्या, आन् हिला हवेली पायजे."

"मग तुमी नका ऱ्हाऊ तिच्यात," ती म्हणायची.

एका संध्याकाळी बघतो, तर हवेलीचं तोंड भिंतीकडं. गोलघुमट फळीच्या पार कडेला. घरात मी एकटा, आणि मी तर हात लावला नव्हता. सरळ करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भुताला मी भीत नाही. ती आली असती तर शिव्या घालतच आली असती. भीती डोक्याची. माझा थोरला भाऊ शेवटी असाच. स्वतःच वस्तू हलवायचा आणि चोर आला म्हणून ओरडायचा. त्याला कोंडून ठेवावं लागलं. पुण्याहून पोराचा फोन आला, तर म्हणालो, सगळं बेस हाय.

भिंतीपलीकडं तेलुगू विणकराचं घर, खाली यंत्रमाग. त्यांची सून आमटी घेऊन आली, तेव्हा धीर करून विचारलं, "पोरी, माझं कपाट तू उघडतीस काय?"

"मी कशाला, मामा?"

"मग ही घरं हलवतंय कोण?"

ती हसायलाच लागली. "आमचे माग की! दिवसभर भिंत थरथरती. मामी रोज दिवे लावायच्या आधी सगळी सरळ करायच्या. आमच्या सासऱ्यांना शिव्या देत देत. तुमाला ठावं न्हाय?"

नव्हतं ठावं. त्या वेळेला मी कट्ट्यावर गप्पा हाणत असायचो.

डोकं शाबूत हाय म्हणून जीव भांड्यात पडला. पण घटकाभरच.

"आनखी काय काय करायची ती?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत, मामा? मी पलीकडची."

ती गेली. मी उठून गॅसची नळी चाचपली, मागच्या दाराची कडी हलवून बघितली, पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. नळी जुनी झालेली, हाताला चिरा लागल्या. ही नळी बदलायची कधी, कुणाला बोलवायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं. आमटी गार झाली, तरी गॅस पेटवायला हात धजेना.