टॅपेटची फट

लातूरच्या त्या क्लासची मला पहिल्या दिवसापासून किळस होती. भूकंपानंतर डोक्यावर स्लॅब नको म्हणून मालकाने पत्र्याचा हॉल टाकला होता. त्यात शंभर पोरं कोंबून तो गावभर निकालाचे फलक लावत सुटला होता. एप्रिलच्या दुपारी आत घामाचा, रॉकेलचा आणि डब्यातल्या आंबलेल्या भाजीचा वास एकत्र यायचा. मी हदगावहून आलेला फिजिक्सचा मास्तर. पोटासाठी शिकवत होतो आणि तिथल्या सगळ्यांना तुच्छ समजत होतो.

लाईट गेली की पंखे एका छोट्या जनरेटरवर चालत. तो सांभाळायला एक मिस्त्री होता. त्या बदल्यात त्याच्या मुलीने क्लासमध्ये फुकट बसायचं, असं मालकाशी तोंडी ठरलेलं होतं. मुलगी पहिल्या बाकावर असायची. माझ्या वर्गात तेवढ्या एकीलाच विषय कळत होता.

त्या वर्षी मिस्त्रीने जनरेटरचं चार स्ट्रोकचं इंजिन पुरतं खोलून नव्याने बांधलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. इंजिन उत्तम चाललं, पण टिकटिक करायचं. ते माझ्या खिडकीखालीच असल्यामुळे ती टिकटिक माझ्या डोक्यात जाऊ लागली. अडाण्याचं काम असंच असणार, असं मी धरून चाललो.

रविवारी क्लास रिकामा होता. मी स्वतःच पाना घेऊन बसलो. मुलगी काही शंका विचारायला आली होती, तिला बोल्ट सांभाळायला उभं केलं. झाकण काढलं तर व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा टॅपेट यांच्यात बारीक फट होती. तीच वाजत होती. मी स्क्रू पिळून ती बंद करू लागलो, तशी ओंजळीत बोल्ट धरून मुलगी हळूच म्हणाली, की अब्बा ती फट मुद्दाम ठेवतात. मी तिला पुस्तकात लक्ष घालायला सांगितलं. इंजिन चालू केलं, तर आवाज बंद. मी स्वतःवर खूश झालो.

सोमवारी चाचणी चालू असताना लाईट गेली. जनरेटर दहा मिनिटं चालला आणि फटफटून बंद पडला. निवला की सुरू व्हायचा, तापला की पुन्हा मरायचा. प्लग बदलला, रॉकेल गाळून भरलं, कार्बोरेटर धुतला. दोरी ओढून शिपायाचा खांदा भरून आला. शेवटी मालकाने मिस्त्रीला बोलावलं आणि सगळ्या पोरांदेखत त्याला हरामखोर म्हटलं.

मिस्त्रीने इंजिन निवू दिलं, झाकण काढून फटीत पातळ पत्ती घालून पाहिली. ती शिरेना. मग तो माझ्याकडे वळला, तिथला शिकलेला माणूस म्हणून.

"सर, हे कुनी खोललं होतं का? तापल्यावर लोखंड फुगतंय. जागाच न्हाई ठिवली तर व्हॉल्व्ह पुरता मिटंल कसा, अन् इंजिन दाब धरंल कसं?"

रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे मी दर वर्षी घसा फोडून शिकवत होतो.

"कुणीच नाही," मी म्हणालो.

मुलगी खाली वहीत बघत होती.

मिस्त्रीने पाच मिनिटांत फट पहिल्यासारखी केली. टिकटिक सुरू झाली, पंखे फिरले आणि शेवटपर्यंत थांबले नाहीत. पण मालकाने मनाशी पक्कं केलं होतं, की हा माणूस मुद्दाम खोट ठेवतो. उद्यापासून तू नको आणि तुझी पोरगीही नको, असं त्याने तिथेच सांगून टाकलं. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली नसती, फार तर फजिती झाली असती. तेवढीही माझ्याच्याने सोसवली नाही. त्या क्लासची किळस केव्हाच विरली, माझी मला अजून येते.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या नोट्स परत द्यायला आली.

"अब्बाला मी सांगितलं न्हाई, सर. ते तुम्हाला लई मानतेत."

मी नोट्स घेतल्या आणि तिला म्हणालो, घरी नीट अभ्यास कर.