अंतरपाटाच्या अलीकडे

बीडमधल्या ज्या मंगल कार्यालयाची देखरेख मी करतो, तिथे हा व्हिडिओवाला दर सीझनला येतो. बोलतो कमी. जेवतो सगळ्यांच्या शेवटी, उभ्यानेच, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात ठेवून.

त्याची एक खोड मला खटकायची. अंतरपाट धरला की तो नवरदेवाकडे पाठ करून नवरीच्या बाजूला जायचा आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिचा एकटीचा चेहरा घेत राहायचा. वरपक्षाचं कुणीतरी वैतागायचं, "ओ व्हिडिओवाले, नवरदेव हिकडं हाय." तो "आलोच" म्हणायचा आणि हलायचा नाही.

एकदा मी विचारलं, "कावून हो असं?"

"एकाची पोरगी लग्नानंतर दोन वर्षांत गेली, काका," तो लेन्स पुसत म्हणाला. "बाप आला. म्हणला, तिचं एकटीचं तेवढं काढून द्या, सासरचं कुणी नको. म्या सगळं लग्न धुंडाळलं. जिथंतिथं ती कुणाच्या तरी संगं. अंतरपाटापाशी तेवढी एकटी घावली, तेबी दोन-चार सेकंद."

तेव्हापासून वरपक्षाला मीच समजवायचो, घेऊ द्या त्याला.

यंदा माझ्याच मुलीचं लग्न होतं. व्हिडिओला त्यालाच बोलावलं. अंतरपाट धरला तसा तो तिच्या बाजूला गेला. माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. दुसरं मंगलाष्टक संपायच्या आत मी ओरडलो, "अहो, नवरदेवाकडं फिरा."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आलोच, काका," म्हणाला आणि कॅमेरा तिच्यावरच ठेवला.