साळिंदराच्या सिनेमाला गेलो तेव्हा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी कुठल्या भाजीत मीठ जास्त पडलं इथपासून सगळं सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या घरी चहाला येणार नाही. आणि सांगताना माझं डोकं तापलेलं आहे, तेही आधीच ऐकून ठेवा. रडत-बिडत सांगायची गोष्ट नाही ही. रडायचा हक्क दुसऱ्याच कुणाचा आहे.

एका सिनेमाची गोष्ट आहे. लहान मुलांच्या, कार्टूनच्या सिनेमाची. हसू आलं ना? येऊ द्या. सगळ्यांना असंच वाटतं, की असल्या सिनेमानं कुणाचं काय बिघडतं? दीड तास हसायचं, पॉपकॉर्नचा डबा रिकामा करायचा आणि घरी यायचं. मलाही असंच वाटत होतं.

साळिंदरांचं एक कुटुंब असतं त्यात. आई, बाप, पोरं आणि एक बहिरी आत्या. त्यांना लांबच्या जंगलात लग्नाला जायचं असतं आणि बापाला रस्ता ठाऊक नसतो. पण तो कबूल करेल तर ना! आईला रस्ता माहीत असतो, पण तिला कुणी विचारत नाही. बाप सगळ्यांना कधी चिखलात नेऊन घालतो, कधी ओढ्यात, एकदा तर थेट अस्वलाच्या स्वयंपाकघरात— आणि दर वेळी काटे फुलवून म्हणतो, मला तर आधीच माहीत होतं. बस, एवढंच. सांगताना यात काही नाही असं वाटतं. पण थेटरात बसून बघा. बायका डोळे पुसत होत्या हसून हसून. का, ते मला आता कळतं. असा एखादा बाप, सासरा, काका घरोघरी असतो आणि त्याच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नसते. इथं अंधार असतो, त्याच्या अंगावर काटे असतात, शेजारी पोरं खिदळत असतात— मग आपणही हसून घेतो, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं. एवढीच त्या सिनेमाची जादू, आणि तिच्यात मी विष कालवलं.

थांबा. आधी घर सांगते.

आम्ही मूळ करमाडचे. शेती अजून तिकडंच आहे, राहायला शहरात, मुकुंदवाडीत. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळं या घरात कर्ती बाई म्हणून मीच आले. आमच्याकडं सासऱ्यापुढं सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, मोठ्यानं हसायचं नाही. सासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही, मधे कुणीतरी लागतं. आबा माझ्या मुलीला, तन्वीला सांगायचे, ‘तुझ्या आईला म्हनावं, च्या टाक.’ आणि तिची आई हातात पातेलं घेऊन समोर उभी! तन्वी पाळण्यात होती तेव्हाही ते तिलाच सांगायचे. मी हे सगळं पाळलं, मान खाली घालून पाळलं. भावकीत ‘गुणाची सून’ म्हणून नाव काढलं. आज कुणी तसं म्हटलं की तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

मग धाकट्या दिराचं, विलासचं लग्न झालं आणि संगीता आली. देवगाव रंगारीची. तिला हसू आलं की सगळं अंग हसायचं. आल्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं आबांना सरळ विचारलं, भाजी तिखट झाली का म्हणून. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. आबा म्हणाले, ‘व्हय, जराशी.’ आणि पाणी मागितलं— तिच्याकडं! त्यानंतर दोघांच्या गप्पाच सुरू झाल्या. विहिरीच्या, पावसाच्या, तिच्या गावच्या बाजाराच्या. मी इतकी वर्षं पदर सांभाळत उभी, आणि ही कालची पोर आबांशी गप्पा मारते? मला राग आला. सांगून टाकते, राग आला आणि तो मी गिळला. गिळलेला राग पचत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तन्वीला सुट्या लागल्या तेव्हा विलासनं सगळ्यांची तिकिटं काढली. जालना रोडवरच्या मॉलमध्ये. पोरासोरांचा सिनेमा बघायला मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं आबा दोन दिवस म्हणत राहिले आणि त्या दिवशी सगळ्यांच्या आधी इस्त्रीची टोपी घालून तयार झाले. गाडी विलास चालवत होता. जवळचा रस्ता म्हणून आबांनी ती रेल्वे फाटकाकडं वळवायला लावली. फाटक बंद. पुढं ट्रक, मागं ट्रक. आबा काचेतून बाहेर बघत म्हणाले, ‘मला ठाऊकच व्हतं.’ मागच्या सीटवर आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळत बसलो.

आता तुम्हाला कळलंच असेल. पण तरी मला ते माझ्या तोंडानं सांगायचं आहे.

थेटरात आबा कडेच्या खुर्चीवर, मग दोघे भाऊ, मग तन्वी, मग संगीता आणि शेवटी मी. साळिंदर अस्वलाच्या पातेल्यात पडलं, वर आलं, काटे फुलवले आणि बोललं ते वाक्य. मी संगीताच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, ‘अगं, हे तर आपले आबाच. काटे तेवढे लावलेत.’

मी म्हटलं. मीच. गुणाची सून.

संगीताचा बांध फुटला. पॉपकॉर्न उडाले, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी पदर तोंडात कोंबला होता. माझं हसू पदरात, तिचं थेटरभर. त्या उजेड-अंधारात आबा पुढं वाकून आमच्याकडं बघताना दिसले. तिला थांबताच येईना. ती इतकी हसली कारण मी बोलले होते. तिच्याही मनात ते असणार, पण माझ्यासारखी बाई ते बोलेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. निघताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. त्या एका संध्याकाळी आम्ही जावा नव्हतो, मैत्रिणी होतो.

घरी आल्यावर आबा जेवायला बसले. संगीता आत पापड भाजत होती. तन्वी गाडीतच झोपून गेली होती, दोघे भाऊ गच्चीवर. मधे कुणी नव्हतं. आबांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट मला विचारलं, ‘ती कशापायी हसली एवढी?’

काय बिघडलं असतं हो? म्हणायचं होतं, साळिंदर पडलं म्हणून. म्हणायचं होतं, तिला उगीच हसू येतं. शंभर उत्तरं होती. मी कोणतं दिलं?

‘त्या साळिंदराला बघून ती म्हणली, हे तर आपले आबाच. मी दटावलं तिला.’

‘मी दटावलं तिला.’ हे कुणी विचारलं होतं? खोटं बोलायचं ते बोलले, वर त्यावर तुपाची धार सोडली. आबांचा चेहरा काही फार बदलला नाही. त्यांनी भात कालवला, चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. संगीता गरम पापड घेऊन आली तेव्हा ते उठून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं ठेवलेला चहा निवून जायचा. काही सांगायचं झालं तर मला सांगायचे— थेट मला, तन्वी नाही की कुणी नाही. ‘धाकलीला म्हनावं दार लावून घे.’ मी तिला सांगायचे. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. आबा माझ्याशी बोलत होते. तिला तिच्या जागी बसवायचे निरोप बोलत होते, पण बोलत होते. आणि मी ते निरोप पोचवत होते, मन लावून.

संगीतानं मला एकदा विचारलं, ताई, आबा माझ्यावर एवढे कशानं रागावलेत? भांडी घासत होती ती. मी म्हटलं, त्या दिवशी हसलीस ना मोठ्यानं, जुनी माणसं आहेत, विसरतील. तिनं मान हलवली. त्यानंतर ती हसायचीच बंद झाली. तोंडावर हात ठेवून बघायची फक्त. दिवाळीनंतर विलासनं शेंद्र्याकडं भाड्यानं खोल्या घेतल्या. कंपनी जवळ पडते, म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डबे भरून दिले— पापड, लोणचं, काळा मसाला. वर डोळ्यांना पदर लावला. असा संताप येतो त्या पदराचा!

इथंच संपलं असतं तर भेकडपणा म्हणून सोडून देता आलं असतं. एकदा घाबरले, एकदा जळले, झालं. पण तो सिनेमा टीव्हीवर आला.

तन्वी तो रेकॉर्ड करून रोज लावायला लागली. आबा पेपर तोंडापुढं धरून बसायचे. मग पेपर खाली यायला लागला. एके दिवशी मी आतून ऐकलं— आबा हसत होते. मी त्यांना कधी असं हसताना ऐकलं नव्हतं. खोकला येईस्तोवर हसले आणि तन्वीला म्हणाले, ते पातेल्यातलं परत लाव. त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

‘धाकली बरोबर बोलली व्हती,’ ते म्हणाले. ‘म्या तसाच हाय. लई बरोबर वळखलं पोरीनं. म्या उगं धरून बसलो. ऐतवारी मला तिच्याकडं घेऊन चल. म्या सोता सांगतो तिला.’

कळलं तुम्हाला? म्हातारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ‘माझं चुकलं’ म्हणत होता. साळिंदरानं करून दाखवलं ते, एका कार्टूननं! आम्हाला कुणालाच जमलं नव्हतं. आणि मला त्या क्षणी आनंद झाला असेल असं वाटतं का? मला फक्त पुढचं दिसलं. आबा तिच्या दारात उभे राहणार आणि म्हणणार, तू बरोबर बोललीस. ती म्हणणार, काय बोलले मी? मग दोघांची मान एकाच वेळी माझ्याकडं वळणार.

मी म्हटलं, ‘आबा, ती नको म्हणते. तुम्ही येऊ नये, असं म्हणली ती.’

आबा बराच वेळ टोपीच्या घडीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘तिचं बी बरोबर हाय.’

एवढंच. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी फोन उचलून तिला विचारलं असतं तर मी सापडले असते. पण सासऱ्यानं सुनेला फोन करायचा नसतो ना! आमच्या घरच्या त्या रीतीला मी जन्मभर शिव्या घातल्या आणि तिच्याच आडोशाला लपले. त्या सिनेमाच्या शेवटी सगळी साळिंदरं एका बिळात दाटीवाटीनं झोपतात, एकमेकांचे काटे टोचतात म्हणून ओरडतात, हसतात. तन्वी तो शेवट लावते तेव्हा मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून जाते. शिट्टी झालेली नसते.

आबा आता थकलेत. आवाज बसलाय, बाहेरच्या खोलीतून आतपर्यंत पोचत नाही. संगीता सणावाराला येते. पदर घेऊन पायांना हात लावते. आबा मान फिरवतात— लाजेनं. तिला वाटतं, अजून राग आहे. त्यांना वाटतं, हिनं माफ केलेलं नाही. दोघांचं खरं काय ते जगात एका माणसाला माहीत आहे आणि ते माणूस दोघांच्या मधून चहाचे कप ने-आण करतं.

गेल्या खेपेला ती दुपारची आली. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर कोथिंबीर निवडत बसली. आबांनी मला बाहेर बोलावलं, जवळ ये म्हणाले आणि हळू आवाजात सांगितलं, ‘तिला इचार, जेवून जाती का. म्हनावं, आबा म्हनत्यात, जेवून जा.’

मी आत गेले. संगीतानं वर बघितलं. तिला कळलं होतं की आबांचं-माझं बोलणं तिच्याविषयी झालं. मला कुणी धाक घातलेला नव्हता. पकडलं जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, ‘आबा विचारतायत, तू किती वाजता निघणार.’

ती कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून उठली. निघतेच आता, म्हणाली. पर्स घेतली, बाहेर जाऊन आबांच्या पाया पडली आणि चपला घालून गेली. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, तिला घाई आहे.

हे गेल्या रविवारचं आहे.