बोटीवरचा संडास आणि एस्तेरमावशी

एस्तेरमावशी कुणाच्याही घरी गेल्या, की चहाआधी मागच्या दारी जाऊन सांडपाणी कुठं जातं ते बघायच्या. साखरपुडा असला तरी! सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची अख्खी नोकरी जुलाब-उलट्यांचे रोगी सांभाळण्यात गेली होती. "मानूस देवाला भितो, पन घानीला भीत न्हाई," असं त्या म्हणायच्या. राहायच्या आमच्या शेजारीच.

आमच्या गावाला धरणाचं पाणी येतं. त्याच पाण्यात भाऊसाहेबांनी हौसेची बोट आणली. भाऊसाहेब म्हणजे गावातली सर्वांत मोठी मिशी आणि सर्वांत पांढरे कपडे. बोटीत सोफा, मोठाले स्पीकर आणि एक इंग्रजी पद्धतीचा संडास. पहिल्या फेरीला बडे पाहुणे आले. प्रार्थना म्हणायला मावशींना बोलावलं होतं, त्यांचा हात धरायला मी.

प्रार्थना झाल्यावर भाऊसाहेबांनी सगळ्यांना तो संडास दाखवला, देवघर दाखवावं तसा.

"हे जातं कुठं?" मावशींनी विचारलं.

"बटन दाबलं की थेट खाली. लई मोठं धरण हाय, मावशी. एवढ्यानं काय हुतंय!"

मावशींनी काचेचा ग्लास उचलला, वाकून धरणाच्या पाण्यानं भरला आणि भाऊसाहेबांसमोर धरला. "घ्या."

"म्हंजे?"

"लई मोठं धरण हाय. एवढ्यानं काय हुतंय!"

पाहुण्यांना एकदम समोरच्या डोंगराचं सौंदर्य दिसू लागलं. भाऊसाहेबांचा हात काही पुढं येईना. मावशींनी काठावरच्या पंपघराकडे बोट केलं. "तिथनं ह्येच पानी आमच्या हंड्यात येतं. आमाला कुनी इचारत न्हाई, पिता का म्हनून."

महिन्याभरात संडासाच्या खालच्या तोंडाला झाकण लागलं आणि चाकांची बंद टाकी बसली. ती चढावर, पाण्यापासून लांब खणलेल्या शोषखड्ड्यात रिकामी करायचं काम भाऊसाहेबांनी गड्याला सांगितलं. मावशी धक्क्यावर हजर. "त्यो कशाला? तुमच्या पार्टीत त्यो जेवला व्हता व्हय?"

तेव्हापासून दर रविवारी भाऊसाहेब नाकाला रुमाल बांधून टाकी ओढत चढ चढायचे. बघायला गर्दी व्हायची.

पुढं कुठल्याशा मंडळानं त्यांना जलरक्षक म्हणून शाल दिली. ही कल्पना आपल्याला पहाटेच्या ध्यानात सुचल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं. मी चडफडलो. मावशी शांतपणे पेढा खात म्हणाल्या, "आसू दे रं. शालीच्या नादानं टाकी वढतोय ना? आनखी एक द्या म्हनावं."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मातीला भाऊसाहेब आले, खरोखर रडले. पुढच्या रविवारी मी मुद्दाम धरणावर गेलो आणि झाडाआड थांबलो. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. भाऊसाहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. संडासाखालच्या झाकणाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग एक कचकचीत शिवी हासडली आणि टाकी ओढत चढाला लागले.