ओट्यावरचं बेट

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवगाव फाट्यावर होतो. सेलूला पुतणीकडे गेलो होतो, परतताना फाट्यावर गाडी बदलायची होती आणि गाडी नेहमीप्रमाणे यायची होती. उभा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेला, त्यामुळे गाडीला उशीर झाला की लोक चिडतात तसा मी चिडत नाही. बाकावर बसतो, चहा सांगतो. चहा हातात असतानाच सुमनवहिनींचा, म्हणजे दिगूच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, हे गेले. जेवून उठले, हात धुतला आन्..." मी विचारलं, "आबांना सांगितलं का?" मग त्या म्हणाल्या, "तुमी या आधी."

आबा म्हणजे दिगूचे थोरले भाऊ माणिकराव. राणीसावरगावात दोघा भावांची घरं लागून आहेत. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध एक भिंत घातली, ओटाही मधे तोडून दोन केले. पण एका भावाचा निरोप दुसऱ्याच्या दारात न्यायला मात्र कुणीतरी तिसरा लागत असे, आणि बऱ्याचदा तो मी असे. त्या दिवशी माझी गरज पडली नाही. मी पोहोचलो तेव्हा आबांनी लाकडं आणवली होती, नातेवाइकांना फोन करवले होते, पुण्याहून निघालेल्या दिगूच्या मुलाची वाट बघत ते आपल्याच ओट्यावर उभे होते. सगळं चोख केलं होतं. भावाच्या घरात तेवढं पाऊल टाकलं नव्हतं.

दिगंबर आणि मी एका वर्गात होतो. तो शिकत गेला, भूगोलात एम. ए. झाला, बी. एड. झाला, आणि आमच्याकडच्या शाळांत जागा निघण्याची वाट बघत बसण्यापेक्षा पेपरातली जाहिरात बघून थेट मालदीवला मास्तर म्हणून गेला. गावात कुणी या देशाचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी नकाशा मागितला. दिगूनं दाखवला, तर म्हातारा म्हणाला, "इथं तर पाणीच हाय की रं." नकाशात त्याला दिसण्यासारखं खरोखरच काही नव्हतं. आबांनी तेव्हा हसून धाकट्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि ते त्याला सोडायला परभणी स्टेशनापर्यंत आले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की त्यांचं आधीपासूनच जमत नसावं. तसं काही नव्हतं.

वडील वारले ते त्याच्या तिथल्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, भर पावसाळ्यात. तो शिकवायचा त्या बेटाच्या कचेरीत एकच फोन होता, त्यावर निरोप पोहोचला. पण दिगू आला तो तेरवी उलटून गेल्यावर. गंगाखेडच्या स्टँडवर मी ड्युटीवर होतो, गाडीतून तो उतरताना दिसला. चेहरा उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं काळवंडलेला, हातात एक पिशवी. आधी गोदेवर जाऊ म्हणाला. घाटावर त्यानं डोकं भादरून घेतलं, बुडी मारली, आणि ओल्या कपड्यांनीच पुढच्या गाडीत बसला. मी रजा टाकून त्याच्यासोबत गेलो. अंगणात आबा उभे होते. त्यांनी त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता कामून आलास?"

"दादा, बोट बंद होती. वारा लय होता, आठ दिवस बोट निघालीच न्हाई."

"बोट न्हाई भेटली व्हय," आबा म्हणाले. "कावळा शिवंना. घास ठिवून ठिवून मी दुपारपस्तोर नदीत हुबा होतो." आणि ते आत गेले. दिगूशी बोललेलं त्यांचं हे शेवटचं वाक्य.

आबांच्या बाजूनंही बघायला हवं. आमच्या मुलखात वाट बंद होते म्हणजे ओढ्याला पूर येतो. सकाळी आला तर संध्याकाळी उतरतो. नाहीच उतरला तर माणूस दोन कोस वळसा घालून येतो. एक गाडी चुकली तर मागून दुसरी असते, ती नसेल तर ट्रक असतो, काहीच नसेल तर पाय असतात. बाप मेल्यावर मुलगा येऊ शकत नाही, ही गोष्ट राणीसावरगावच्या माणसाच्या डोक्यात बसणं शक्यच नव्हतं. तो आला नाही याचा अर्थ त्याला यायचं नव्हतं, एवढाच निघत होता. आबांनी तोच काढला.

दिगू परत गेला, पुढे बरीच वर्षं तिथंच राहिला. वहिनीही मध्ये दोन वर्षं राहून आल्या. निवृत्त होऊन तो कायमचा गावी आला तेव्हा मला वाटलं, आता हा शेती बघेल, पेपर वाचेल, आमच्यासारखा होईल. पण त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आबांना ते बेट कळलं पाहिजे. माफी वगैरे त्याला मागायची नव्हती. "माझी चूक नव्हती तर माफी कशाची मागू?" असं तो म्हणे. "फक्त दादाला कळलं पाहिजे की येणं शक्य नव्हतं. कळल्यावर मग नाही बोलला तरी चालेल." यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आधी त्यानं माणसं मध्ये घातली. मामा येऊन गेले, गावातली दोन वजनदार माणसं येऊन गेली. आबा सगळ्यांना चहा पाजत आणि विषय निघाला की बैलाला पाणी दाखवायला उठत. मग दिगूनं न बोलता काही करायचं ठरवलं आणि त्यात घोटाळा झाला. त्या बेटावर बायका पहाटेच रस्त्यावर उतरतात आणि लांब खराट्यांनी आपापल्या दारापुढची पांढरी वाळू झाडून काढतात. आपलं दार संपलं म्हणून हात थांबवत नाहीत, शेजारणीचं दार बंद असेल तर तेही झाडून टाकतात. दिगूला ती सवय लागली होती. आल्या आल्या तो रोज उजाडता खराटा घेऊन अंगण झाडू लागला, आणि आपल्या दारापासून सुरू करून आबांच्या दारापुढून थेट रस्त्यापर्यंत जाऊ लागला. गडीमाणूस झाडायलाय म्हणून लोक हसले, त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला वाटलं, दादा एक दिवस दारात येईल, निदान नको म्हणेल.

आबांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या दोस्ताला सांगा, मास्तरकी तिकडं करायची. माझ्या अंगणाला वहिवाट लावू नको म्हनावं."

मला ते आधी विचित्र वाटलं. पण आमच्याकडे जो जागा वापरतो त्याचा तिच्यावर हक्क लागत जातो. खुंटी कुणाची, उकिरडा कुणाचा, सारवलं कुणी, यावर कोर्टात वर्षानुवर्षं दावे चालतात. आबांचा संशय त्या हिशेबात अगदी शहाणपणाचा होता. दुसऱ्या दिवशी अंगणात चुन्याच्या फक्कीची रेघ आली. दिगू रेघेपर्यंत झाडत राहिला. सकाळी त्यांच्याकडे गेलं की अर्धं अंगण आरशासारखं आणि अर्धं पालापाचोळ्याचं दिसे. मी त्याला म्हणालो, सोड आता. तर म्हणतो, "तिथं जमीन कुणाच्या नावावरच नस्ती रे. सगळी सरकारची. घर बांधायला मागितली की जागा मिळती. झाडल्यानं जागा आपली होऊन जाती, हे त्या लोकांना सांगितलं तर खोटं वाटंल." मी म्हणालो, इथं त्यांचं खोटं वाटतं. तो हसला, पण त्याला ते लागलं असावं.

त्यानंतर त्यानं ओट्यावर बैठक सुरू केली. गंगाखेडच्या वेल्डरकडून लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा करून आणला, त्यात नायलॉनच्या दोरीची जाळी विणून लटकती खुर्ची केली. तिकडे दारोदार अशा खुर्च्या असतात आणि येणारा-जाणारा कुणीही त्यात टेकतो. आमच्या लोकांना त्यात बसायचा धीर व्हायला महिना लागला. संध्याकाळी आम्ही पाच-सहा म्हातारे जमत असू. दिगू तिथला भूगोल सांगे. बेट समुद्रापेक्षा माणसाच्या उंचीएवढंही वर नाही. डोंगर नाही, नदी नाही, काळी माती औषधालाही नाही. हातभर खणलं की पाणी लागतं, पण उपसा जास्त झाला की ते खारं होतं, म्हणून पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं. तांदूळ, पीठ, कांदा, सगळं जहाजानं येणार. गाय नाही, बैल नाही, कुत्रं तर देशातच नाही. "मग राखण कोन करतं?" असं आमच्यातल्या एकानं विचारलं, तर दिगू म्हणाला, "चोर पळून जाईल कुठं?"

लोक सगळे मुसलमान, आणि कायदा असा की दुसऱ्या धर्माची पूजा उघड करायची नाही. दिगूचा देव पेटीत असे. पण तो मासे खात नाही हे कळल्यावर अमीना नावाची घरमालकीण वर्षानुवर्षं त्याच्यासाठी भोपळ्याची भाजी वेगळ्या भांड्यात करत राहिली. या अमीनाबद्दल ऐकायला आमच्या मंडळींना फार आवडे, कारण तिचा काडीमोड झाला होता. तिथं त्याचं काहीच वाटत नाही म्हणे. पहिला नवरा दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि जाता-येता हिच्या दारात नारळ टाकून जायचा. दुसरा नवरा त्याला आत बोलावून चहा द्यायचा. आमचे लोक कानाला हात लावत आणि पुन्हा तेच सांगायला लावत. एकदा वहिनी आतूनच म्हणाल्या, "तिथं रुसायला जागाच न्हाई भाऊजी. या टोकाकून त्या टोकाला गेलं की संपलं गाव. रुसून जायचं कुठं, पान्यात?"

वाऱ्याचं मात्र तो फार सविस्तर सांगे. इतकं की आम्हाला कंटाळा येई. बेटाभोवती पाण्याखाली पोवळ्याच्या खडकाची कड असते, तिच्यात बोटीला जायला एकच फट असते, आणि पावसाळी वारा सुटला की लाटा नेमक्या त्या फटीवर येऊन फुटतात... हे आम्ही किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. कुणीतरी मध्येच कापसाच्या भावाचा विषय काढे. मग तो जरासा थांबे, पुन्हा फटीपासून सुरुवात करे. तो हे कुणाला ऐकवतो आहे याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही.

दिगूच्या तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर मानवतचे काही पाहुणे दिगूच्या ओट्यावर बसले होते. वहिनींचे लांबचे नातेवाईक. आबा आपल्या ओट्यावर, मधल्या भिंतीशी बसून होते. पाहुण्यांनी विचारलं, मास्तर एवढी वर्षं परदेशात होते, तिथले लोक करतात तरी काय? सांगायची पाळी माझ्यावर आली. मी म्हणालो, मासेमारी करतात. समुद्रात मोठमोठी जाळी टाकतात...

"जाळं न्हाई टाकत ते."

आवाज आबांचा होता. ते आमच्याकडे बघत नव्हते. "गळानं धरतेत. लांब काठी आसती. बारकं मासं जित्तं पान्यात फेकायचं, मोठं वर आलं की एकेक वढायचं. जाळ्यानं समदाच मासा संपंल म्हनून न्हाई टाकत."

ते बरोबर होतं. दिगूनं हे ओट्यावर सांगितलं होतं, माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. वहिनी ताटं उचलता उचलता तशाच थांबल्या. पाहुण्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी सरळ आबांकडे तोंड फिरवलं आणि विचारलं, "मग तिथून यायचं म्हनलं तर कसं यावं लागतं?"

आबांनी सांगितलं. खडकाची कड सांगितली, कडेतली फट सांगितली, फट दाखवताना दोन्ही तळहात समोरासमोर धरले. पावसाळ्याला तिकडचे लोक काय म्हणतात तो शब्दही सांगितला, हुळंगू. मी तो कधीच विसरलो होतो. मग म्हणाले, "तेवा वारा सुटला की लाट तितंच फुटती. मग बोट सुटत न्हाई. कुनाचा बाप मेला तरी सुटत न्हाई."

मला रागच आला, खरं सांगतो. हे वाक्य पंधरा दिवसांपूर्वी बोलले असते, नुसतं भिंतीकडे तोंड करून बोलले असते, तरी दिगूला पुरलं असतं. तो तिथंच, हाताच्या अंतरावर जाळीच्या खुर्चीत बसलेला असे. राग तसाच गिळून मी वहिनींकडे पाहिलं. त्या ताटं खाली ठेवून दाराला टेकल्या होत्या आणि पदरानं तोंड झाकून रडत होत्या, त्या तेरा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

पाहुण्यांना आबांचं सांगणं फार आवडलं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "तुमी बी ऱ्हाऊन आलाव जनू तिकडं?"

"न्हाई," आबा म्हणाले. "दिगू सांगायचा."