मेणाच्या वडीतलं काळीज

अख्ख्या सोलापुरात माणसाच्या लिव्हरशी अदबीनं वागणारा एकच इसम होता आणि तो माझा साडू होता, हे मी कुणापुढेही सांगेन. पाटबंधारे खात्यात आकडे तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मला वाढवून सांगायची सवय नाही; हे वाक्यही दोनदा तपासूनच लिहिलं आहे. साडू एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते. रोग्यांच्या जठराचे, आतड्यांचे, लिव्हरचे काढलेले नमुने फॉर्मॅलिनमध्ये पक्के करायचे, मेणाच्या चौकोनी वड्यांत बसवायचे, क्रमांक घालायचे आणि पुढेमागे कुणाला त्या आजाराचा अभ्यास करायचा झाला तर हाताशी असावेत म्हणून जपायचे, हे त्यांचं काम. मी एकदा त्या वड्या मोजल्या. "सहाशे अठरा," मी म्हणालो. "एकोणीस," साडू शांतपणे म्हणाले, "एक तुमच्या कोपराखाली आहे."

नमुन्यांना ते अहो-जाहो करत. "काल श्रीपूरचे आले," म्हणजे श्रीपूरच्या कुणाचं तरी जठर आलं, असं आम्ही घरचे समजून घ्यायचो. नातेपुत्याच्या एका लग्नात पंगतीत जिलबी तोडत ते म्हणाले, "मुरली नाही. घाई केली की आमच्याकडे आतडंही असंच मधे कच्चं राहतं." शेजारचे दोघे पानावरून उठले. साडूंनी शांतपणे आपली जिलबी संपवून आणखी मागितली. सोलापूरच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडेल या धास्तीनं त्यांनी घरातला एकुलता एक टेबलफॅन प्रयोगशाळेत नेला, तेव्हा माझी मेहुणी म्हणाली, "मीही मेणाची असते तर वारा लागला असता!" यावर साडूंनी, मेण किती अंशांना वितळतं, ते तिला समजावून सांगितलं.

त्या काळी रोग्याला विचारून नमुना ठेवायची रीत नव्हती. साडू मात्र विचारत, आणि तेही मराठीत. आधी ते 'यकृत' म्हणत. अक्कलकोटकडच्या एका आजींनी "ते कुठल्या तालुक्यात आलं?" असं विचारल्यापासून त्यांनी तो शब्द टाकला आणि मटणाच्या दुकानात चालतो तो धरला: काळीज.

त्या शब्दानं एकदा घात केला. मी साडूंचा डबा घेऊन गेलो होतो. मोडनिंबचा एक शेतकरी तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आला होता. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. डॉक्टरांनी सुई घालून लिव्हरचा नमुना घेतला होता आणि दिवसभर पोरीला हलवू नका, म्हणून बजावलं होतं. साडू हात जोडून त्याला म्हणाले, "काळजाचा तुकडा आमच्याकडे ठेवून घेऊ का? अभ्यासाला हवाय." त्या गड्यानं पोर उचलली आणि जिना उतरून तडक टांगा गाठला. मागे पांढऱ्या कोटात साडू, त्यांच्या मागे डबा घेऊन मी.

"उतरा आधी! तिला हलवू नका, आत रक्त जाईल!" साडू ओरडले.

"तोंड वर करून लेकरू मागता व्हय?"

"लेकरू कोण मागतंय?"

"तुमीच की! काळजाचा तुकडा म्हनलात. मला ही एकच हाय."

साडूंनी कपाळाला हात लावला. "अहो, लिव्हर! लिव्हरचा तुकडा! ज्वारीच्या कणीएवढा!"

"मग नीट मराठीत लिव्हर म्हना की!"

टांगेवाला खदखदून हसला. साडू हसले नाहीत. पोरीला त्यांनी दोन्ही हातांवर तोलून, एकेक पायरी मोजल्यासारखे चढत, खाटेवर परत नेलं. नाडी बघितली गेली. रक्त गेलं नव्हतं. तेव्हा कुठे बापानं विचारलं, "त्यो तुकडा ठिवला तर ही बरी व्हईल?"

"नाही," साडू म्हणाले. "हिच्यासाठी डॉक्टर औषध देतील. तुकडा पुढच्या लेकरांसाठी."

बापानं पोरीच्या पायांवर चादर ओढली. मग म्हणाला, "ठिवा. पर जपून."

साडूंनी जपलं. पुढे या आजाराचा अभ्यास करणारे डॉक्टर पुण्याहून आले आणि लहान मुलांच्या सगळ्या नमुन्यांचे पातळ काप त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घातले. एकही खराब निघाला नाही. "हे कुणाचं काम?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तिथे नव्हतो, याची मला अजून हळहळ वाटते. असतो तर नातं सांगितलं असतं.

सुगी झाल्यावर मोडनिंबचा तो बाप आला. एकटाच. मी त्या दिवशीही तिथेच होतो. पोर कुठे आहे, हे आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. "हाय का?" एवढंच म्हणाला. साडूंनी न शोधता ती वडी काढली. मेणात मध्यभागी तपकिरी कणी होती. त्यानं आधी हात धोतराला पुसले, मग तळहात पुढे केला.

त्या खोलीतल्या वड्यांना साडू डॉक्टरांनाही हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी ती वडी त्याच्या हातावर ठेवली, मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि दार हळूच ओढून घेतलं. व्हरांड्यात आम्ही दोघं उभे राहिलो. किती वेळ, ते मात्र मी मोजलं नाही.