कळंबचे कडक टॉवेल

पोस्टातून निवृत्त झाल्यावर माझ्या मामाने कळंबला, समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, दोन खोल्यांचं बैठं घर बांधलं आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना ते द्यायला सुरुवात केली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मामाने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे चादरी-पडद्यांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी नालासोपाऱ्याला एका शाळेत शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडून कळंबला जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं, असा माझा क्रम ठरून गेला. मला ते काम आवडायचं. वर्गात पन्नास मुलं माझं ऐकत नसत. इथे निदान उशा जिथे ठेवीन तिथे राहायच्या.

मामा भारी हौशी. त्याने दादरला जाऊन दोन डझन पांढरे टॉवेल आणले. चांगले जाड, गुबगुबीत. घरी आल्या आल्या त्यातला एक त्याने माझ्या गालाला लावला. "बघ! मोठ्या हॉटेलात असतात तसे. पाहुणा समुद्रात डुंबून आला की त्याला असं काहीतरी अंगाभोवती घेता आलं पाहिजे."

धुण्यासाठी गावातलीच एक बाई मिळाली. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटक, बोलायला मोकळी. आम्ही तिला मावशी म्हणायचो, ती मामाला भाऊ म्हणायची. तरुणपणी तिने वसई गावातल्या एका डॉक्टरांच्या घरी दहा-बारा वर्षं धुणं-इस्त्री केली होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता. "डाक्टरांचा कोट माझ्याबिगर कोन धुवायचा नाय," ती सांगायची. "डाक्टरांची बाय सांगायची, कपडा असा पायजे, की मानूस ताठ दिसला पायजे."

पहिल्याच आठवड्यात तिने धुऊन, इस्त्री करून दिलेल्या चादरी पाहून मामा खूश झाला. "वा मावशी! काय कडक चादरी! अशाच हव्यात मला. सगळं असंच ठेवा." मावशीचा चेहरा उजळला. मीही तिथेच उभी होते आणि मीही मान डोलावली होती, हे इथे कबूल केलं पाहिजे.

पाहुणे येऊ लागले. मामाने ओसरीवर एक वही ठेवली होती, जाताना अभिप्राय लिहायला. पहिल्या कुटुंबाने लिहिलं, 'घर छान, हवा छान, मामांच्या हातचा चहा उत्तम. टॉवेल जरा कडक.' पुढच्यांनी लिहिलं, 'सगळं झकास. टॉवेल आहेत की पापड?' तिसऱ्या वेळी एका शाळकरी मुलीने त्याच पानावर टॉवेलचं चित्रच काढलं. टॉवेलला काटे होते.

मामा अस्वस्थ झाला. "बोअरच्या पाण्याचा गुण हा. मचूळ पाणी आहे आपलं."

ते खरंच होतं. आमच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्यांवर पांढरा थर बसायचा आणि साबणाला फेस यायचा नाही. मी कपड्यांची पावडर बदलली. मग आणखी भारीतली आणली. मग शाळेतल्या एका बाईंनी सांगितल्यावरून टॉवेल मऊ करणारं एक सुवासिक निळं औषध आणलं आणि मावशीला दिलं. "शेवटच्या पाण्यात झाकणभर घाला," मी म्हणाले. तिने झाकण उघडून वास घेतला, तिला तो फार आवडला. पुढच्या शनिवारी टॉवेलांना मोगऱ्याचा वास येत होता आणि ते पूर्वीइतकेच कडक होते.

मग गिरगावहून एक कुटुंब आलं. त्यांच्याबरोबर सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या, मोठ्या गमत्या. रविवारी सकाळी आंघोळ करून त्या ओसरीवर आल्या, हातात आमचा टॉवेल. "अहो मामा, जरा इकडे या," म्हणाल्या. मामा आला, मीही आले. आजींनी टॉवेल मधोमध दुमडला, तंबूसारखा जमिनीवर ठेवला आणि हात काढून घेतले.

टॉवेल उभा राहिला.

आजींची नातवंडं टाळ्या पिटून हसली. आजीही हसल्या. "टॉवेल गुणी आहे हो, स्वतःच्या पायावर उभा आहे. पण माझ्या पाठीला सोसत नाही." मामाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. ती मंडळी गेल्यावर त्याने तो टॉवेल उचलला. "एवढ्या हौसेने आणले गं," एवढंच म्हणाला. मला त्याची दया आली.

त्याच आठवड्यात मंगळवारी शाळेला सुट्टी मिळाली. मावशी सोमवारी-मंगळवारी धुणं करायची, आणि त्या दिवशी मी तिथे कधीच नसायचे. म्हटलं, एकदा बघावं तरी काय होतं ते. मी सकाळच्याच एसटीने कळंब गाठलं. मामा काही कामासाठी वसईला गेला होता. मागच्या अंगणात गेले तर तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं, त्यात तांदळाची दाट पेज रटरटतेय, आणि शेजारी दुसऱ्या टोपात गाळून निवत ठेवलेली पेज. मावशी एकेक टॉवेल त्यात बुडवत होती, दाबत होती, सगळीकडे नीट मुरेल असा फिरवत होती आणि पिळून बाजूला ठेवत होती. अगदी मन लावून.

"मावशी, हे काय?"

"खळ," ती म्हणाली. "आज कशी आलीस ताई? बस, चहा करते."

"टॉवेलांना खळ?"

"मग? भाऊ बोलले ना, सगळं कडक ठेवा. चादरीला पातळ खळ पुरते. टावेल जाड, त्याला दाट लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू दिलेलं ते निळं औषध बी घालते. वासाला बरं. पन त्याने जरा नरम पडतात, म्हणून हल्ली पेज वाढवली."

मी धुण्याच्या दगडावर बसले. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. चार महिने मी टॉवेल मऊ करायला धडपडत होते आणि ती बिचारी ते कडक राहावेत म्हणून घरचे तांदूळ शिजवत होती. घरचेच, मामाने तिला ते कधी दिले नव्हते.

तिला कसं सांगावं ते सुचेना. शेवटी मी विचारलं, "मावशी, तुम्ही घरी अंग कशाने पुसता?"

"जुन्या लुगड्याचा तुकडा हाय."

"नवा टॉवेल का नाही घेत?"

"लुगडं मऊ लागतं ना अंगाला," ती म्हणाली. आणि तिचा हात टोपातच थांबला. तिने हातातल्या टॉवेलकडे पाहिलं, मग दोरीवर वाळत असलेल्या टॉवेलांकडे. वारा चांगला वाहत होता, पण एकही टॉवेल हलत नव्हता.

"पावने काय बोलले का?" तिने विचारलं.

मी उठून पिळलेले टॉवेल रचू लागले.

"वहीत लिवलंय काय? आन ती वही. वाच."

"जाऊ द्या ना मावशी."

"वाच बोलते ना."

मी वही आणली आणि वाचायला लागले. आधी मी टॉवेलांची वाक्यं गाळायचा प्रयत्न केला, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मधेच थांबले की म्हणायची, "आनी?" मग मी सगळं वाचलं. पापड वाचलं तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले. काट्यांचं चित्र दाखवलं तेव्हा ते तिने बोटाने चाचपून पाहिलं. गिरगावच्या आजींचीही हकीगत मी सांगून टाकली.

"उभा ऱ्हायला?" मावशी म्हणाली.

"हो. तंबूसारखा."

ती फस्सकन हसली. मला वाटलं, सुटले. पण हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. "इतके महिने लोक हसले आनी मना कोनी सांगितलं नाय. तू पन नाय. डाक्टरांची बाय तोंडावर बोलायची, हे चुकलं, परत धू. मी परत धुवायची. तुमी गुपचूप औषधं आनत बसलात."

मी म्हटलं, "चुकलं मावशी." दुसरं काय म्हणणार? वर्गातल्या मुलांना मी रोज सांगायचे, येत नसेल तर लगेच विचारा, मनात ठेवू नका. आणि स्वतः मी मोगऱ्याच्या बाटल्या आणत होते.

दुपारी मामा परतला. मी त्याला सगळं सांगितलं. तो चपलाही न काढता मागच्या अंगणात गेला. "मावशी, चूक माझी. 'कडक' मी म्हणालो. मला चादरीच म्हणायच्या होत्या, पण जिभेवर 'सगळं' आलं."

मावशी मान वर न करता म्हणाली, "चादरीचं वहीत बरं लिवलंय. चादरीना खळ ऱ्हाऊ दे."

"राहू दे," मामा लगेच म्हणाला.

"आनी माझे तांदूळ?"

मामाने त्याच संध्याकाळी तिच्या घरी तांदळाचं पोतं पोचवलं.

टॉवेल मात्र एका दिवसात सुधारणारे नव्हते. पेज निघाली तरी पाण्याचा खार आणि चार महिन्यांची पावडर त्यांच्या तंतूंत बसलेली होती. तोडगा मावशीनेच काढला. डॉक्टरांच्या घरच्या किटलीत पांढरा थर बसला की बाय त्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतून ठेवायची आणि किटली लख्ख व्हायची, हे तिला आठवलं. "किटलीतला खार निघतो, तर टावेलातला का नाय निघनार?" तिने मामाला वसईला पिटाळलं. तिथे एका ओळखीच्या घरी ताडीचा शिरका घालत असत. मामा दोन बाटल्या घेऊन आला. त्या शनिवारी पाहुणे नव्हते, मीही आले होते, तेव्हा गरम पाण्यात शिरका घालून टॉवेल रात्रभर भिजवले. सकाळी ते पाणी इतकं गढूळ झालं होतं, की आम्ही तिघंही टोपात वाकून बघत राहिलो.

पुढे मावशीने आपले नियम केले. पावडर निम्मी. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात नाही. शेजारच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोडं होतं, ते चार कळश्या आणायचं आणि त्यात वाटीभर शिरका घालायचा. वाळत घालण्याआधी प्रत्येक टॉवेल दोन्ही टोकांना धरून जोरात झटकायचा, फट्ट आवाज आला पाहिजे. कडक उन्हात नाही, सुरूच्या झाडांच्या सावलीत, वाऱ्यावर घालायचा. अर्धा वाळला की परत झटकायचा. आणि टॉवेलला इस्त्री अजिबात नाही. माझं निळं औषध तिने परत केलं. "हे घालून टावेल पानी टिपत नाय, नुसता अंगावर फिरतो," असं तिचं मत, आणि ते बरोबर निघालं.

तीन धुण्यांनंतर टॉवेलांचे तंतू पुन्हा वर आले. वहीत टॉवेलांचा उल्लेखच येईनासा झाला. मामाला तेवढं पुरे होतं, मावशीला नव्हतं. ती दर सोमवारी मामाला विचारायची, "टावेलाचं काय लिवलं?" शेवटी मामा पाहुण्यांना निघताना हळूच सांगू लागला, "टॉवेल कसे वाटले, तेही लिहा हं." लोक चमकून बघायचे, पण लिहायचे. मामा ते वाचून दाखवायचा आणि मावशी डोळे मिटून ऐकायची.

वर्षभरात शेजारच्या दोन घरांनी आपलं धुणं तिच्याकडे दिलं. तिने सुनेला हाताशी घेतलं आणि अट घातली, की मालकाने आधी स्वतः त्या टॉवेलने अंग पुसायचं आणि काय वाटलं ते तिच्या तोंडावर सांगायचं. त्यातल्या एका घराचे मालक, नालासोपाऱ्याचे मोठे कंत्राटदार, ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून तिच्या अंगणात अभिप्राय द्यायला उभे असलेले मी स्वतः पाहिले आहेत.

माझ्या लग्नात मावशीने दोन टॉवेल दिले. पांढरे, किंचित मळखाऊ रंगाकडे झुकलेले, कडेचे दोन धागे निघालेले. नव्या साड्यांच्या ढिगात ते वापरलेले दिसत होते. मांडवातच तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नवेच हायेत. पन नवा टावेल पानी टिपत नाय, म्हणून मी सा वेळा धुवून दिलेत. कोनाला बोलू नको."

पहिल्या आठवड्यात नवऱ्याने आंघोळीनंतर त्यातला एक उचलला आणि विचारलं, "लग्नात जुने टॉवेल कोणी दिले गं?"

"आधी पुसून बघ," मी म्हणाले.